तिसरा घाव

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. त्या जन्मभर मेंढ्यांमागं फिरल्या, त्यामुळं माणसांशीही लांबून हाक मारल्यासारखं मोठ्यानं बोलतात. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. वडिलांची मात्र एकदाच सांगितली. रझाकारांच्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. वडील लढणाऱ्यांना भाकरी पोचवायचे, म्हणून रझाकारांनी सगळ्या घराला गढीत कोंडलं. एका सकाळी वडिलांना बाहेर नेलं, ते परत आले नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर शेजारच्या मुकादमानं ऊसतोडीचं एक जोडपं आगाऊ घेतलेली उचल बुडवून पळून जाईल म्हणून खोलीत कोंडलं. आम्ही नुसते कुजबुजत उभे होतो. आजी कुऱ्हाड घेऊन आल्या.

"चावी दे."

"आजी, तुमी मधी पडू नका," मुकादम म्हणाला.

"माझ्या बापाला कोंडलं तवा समदं गाव आसंच बघत व्हतं."

दोन घाव त्यांनी कुलपावर घातले. मग धापा टाकत कुऱ्हाड माझ्या हातात दिली. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. मुकादमानं आमच्याकडं पाहिलं आणि तो बाजूला झाला.

आजी त्या दोघांना घेऊन भर रस्त्यातून बसस्टँडकडं निघाल्या. मागं सगळी गल्ली चालत होती.