उगवण चाचणीसाठी थांबलेली मॅच

“हा तुमचा माणूसच न्हाई!” भाऊसाहेब मैदानात घुसून माझ्याकडे बोट दाखवत ओरडले. मॅच तिथंच थांबली.

भाऊसाहेब आणि माझे मालक आप्पासाहेब हे साडू. नवीन जालन्यात दोघांच्याही बियाण्याच्या कंपन्या. दोघं अमेरिकेत पोरांकडे राहून आले आणि तेव्हापासून दोन्हीकडच्या स्टाफला दरवर्षी बेसबॉल खेळावा लागतो. अट एकच, खेळाडू कंपनीचा नोकर हवा.

मी शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून जमिनीलगत येणारे चेंडू अडवणारा. चौदा वर्षं ज्यानं बोलावलं त्याच्याकडून खेळलो. गुडघे गेले, नोकरी कुठंच टिकली नाही. तीन आठवड्यांपूर्वी आप्पासाहेबांनी मला कागदोपत्री लॅब असिस्टंट केलं होतं. जिंकलो तर नोकरी पक्की. ती मला फार हवी होती.

“लॅबचा हाय ना? मंग उगवण चाचणी करून दाखवू द्या,” भाऊसाहेब म्हणाले. “बियाणं मी देतो.”

“होऊन जाऊ द्या!” आप्पासाहेबांनी मला न विचारताच सांगून टाकलं.

उगवण चाचणी म्हणजे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सोयाबीनचे सत्तर तरी उगवायला हवेत. याला आठ दिवस लागतात, म्हणून मॅचही आठ दिवस थांबली. शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, त्यांचा अकाउंटंट दुसऱ्या बेसवर. जागा जाऊ नये म्हणून तो बेसवर चपला ठेवून अनवाणी घरी गेला.

मी आयुष्यात कधी दाणा मोजला नव्हता. लॅबच्या शिंदे मॅडमनी शिकवलं. “हात हलका ठेवा. सोयाबीनचं साल लई नाजूक ऱ्हातं.” हे जमलं. चेंडूही हलक्या हातानंच घ्यावा लागतो.

आठव्या दिवशी सगळ्यांसमोर मैदानात गोणपाट उलगडलं. मी मोजले. अठ्ठावन्न.

“बोगस माणूस, बोगस मोजणी!” भाऊसाहेब तापले.

“तुम्हीच मोजा ना,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मोजले. दोनदा. अठ्ठावन्नच, म्हणजे त्यांच्याच कंपनीचं बियाणं सगळ्यांसमोर नापास. मग गोणपाट गुंडाळून काखेत मारलं. “बरं, लॅबचाच माणूस हाय हा. बिलकुल मान्य. चला, खेळा जल्दी.”

पहिलाच चेंडू सरळ माझ्याकडे आला आणि दोन पायांमधून निघून गेला. अकाउंटंट चपला हातात घेऊन होम बेसपर्यंत धावला, त्यांचा रन झाला आणि आम्ही हरलो. मला तिथंच रडू फुटलं.

“चौदा वर्षं काय करून राह्यला होतास रे?” आप्पासाहेब म्हणाले. “उद्यापासून येऊ नको.”

“असं कसं सर?” मॅडम मधे पडल्या. “लॅबचा माणूस हाय हे तुमच्या साडूंनीच कबूल केलंय, सगळ्यांच्या समोर. आता काढलं तर ते म्हणतील, फक्त मॅचपुरताच ठेवला होता.”

“उद्या वेळेवर लॅबमधे ये,” आप्पासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी अजून दाणेच मोजतो. शॉर्टस्टॉपला आता आमचा वॉचमन असतो, आणि तो माझ्यापेक्षा बरा अडवतो. मी शिकलो ते एवढंच: कामाचा दाखला घ्यायचाच असेल तर विरोधकाकडून घ्यावा. मालकालाही तो खोडता येत नाही.