तात्यांनी शाफ्ट चकचकीत केला

खंडेनवमीची पूजा आटोपली होती. अंबडच्या आमच्या वर्कशॉपमधल्या बॅलन्सिंग मशीनला झेंडूचा हार घातला होता, पॅनेलवर हळदकुंकू लागलं होतं आणि कामगार पेढे घेऊन घरी निघाले होते. तेवढ्यात मखमलाबादचे फुलशेती करणारे तात्या रिक्षातून उतरले. खांद्यावर गाडीचा प्रोपेलर शाफ्ट.

"सायब, गाडी व्हती तशीच हादरती," ते म्हणाले. "साठच्या वर गेली का अंगात आल्यासारखी करते."

मला ते चांगलंच लागलं. आदल्याच दिवशी हा शाफ्ट मी स्वतः बॅलन्स करून दिला होता. बॅलन्सिंग खात्याचा मी इन्चार्ज. माझ्या हातून गेलेला शाफ्ट परत येत नाही, अशी माझी फुशारकी असायची.

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारी पोकळ नळी. पुढच्या गिअरबॉक्सची ताकद ती मागच्या चाकांना पोचवते. नळीची एक बाजू जराशी जरी जड असली, तरी वेगात फिरताना ती गाडीला गदागदा हलवते. ट्रक-ट्रॅक्टरचे शाफ्ट आमच्याकडे रोजच यायचे. तात्यांचा मात्र दोन सीटच्या जुन्या विलायती स्पोर्ट्‌स कारचा होता. तरुणपणी तात्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गुलाबाची कलमं द्यायला जायचे. साहेब मायदेशी निघाला तेव्हा तात्यांनी त्याची ती गाडी विकत घेतली आणि पुढे तिचा नट न् नट स्वतः खोलून शिकले.

दर दसऱ्याला शीव ओलांडून सोनं आणायला तात्या आणि काकू याच गाडीतून जायचे. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते बंद पडलं. यंदा डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली होती, पण हादरे अजिबात नकोत असं बजावूनच. दसरा उद्यावर आलेला.

मी मालकांकडे, वसंतशेठकडे गेलो. "शेठ, अर्ध्या तासाचं काम आहे. मशीन चालू करू?"

"पूजा झालीय. आता सकाळपर्यंत स्विचला हात लावायचा नाही."

"त्यांना उद्या संध्याकाळी गाडी काढायचीय."

"मग सकाळी लवकर ये. दसऱ्याचं पहिलं काम तात्यांचं."

दसऱ्याला सकाळी मी पोचलो, तर तात्या गेटवर हजर. वसंतशेठही आले. मशीनवर शाफ्ट दोन्ही टोकांना धरून वेगात फिरवतात. कुठली बाजू जड आहे आणि किती, ते मीटर दाखवतं. मग समोरच्या हलक्या बाजूला नाण्याएवढी लोखंडी पत्ती वेल्ड करायची, की वजन सारखं होतं.

मीटर बघून मी चक्रावलो. शाफ्ट पहिल्यांदा आला तेव्हा जो आकडा होता तोच आकडा, आणि जागाही तीच. नव्याने बिघडलेला शाफ्ट असा जुन्यासारखाच हुबेहूब बिघडत नाही. मी मशीन थांबवलं आणि पत्ती शोधू लागलो. पत्ती नव्हतीच. सगळीकडे काळाभोर, आरशासारखा रंग.

"तात्या, इथे एक पत्ती होती."

"ती व्हय! कुणीतरी वेल्डिंगचा गोळा तसाच सोडला व्हता. कानशीनं काढला. खंडेनवमीला असं गबाळं लोखंड पुजायचं का?"

आता उलगडा झाला. त्यांच्या घरी खंडेनवमीला कुदळ, पंप, फवारणीची टाकी, जे जे लोखंडाचं ते घासूनपुसून, रंगवून पुजायची पद्धत. शाफ्ट त्या सकाळी हाताशीच होता. तात्यांनी पत्ती कानसली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला, हळदकुंकू वाहिलं आणि मग गाडीत बसवला.

खरं तर मी भडकायला हवं होतं. पण त्या जागेवरून नख फिरवलं तर कुठे अडकेना. असलं फिनिशिंग माझ्या खात्यात एकालाही जमलं नसतं, आणि ते मी तिथेच बोलूनही दाखवलं. मग पत्ती कशासाठी होती ते सांगितलं.

तात्या मग वसंतशेठांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझीच हाय. काल रिक्षात बसून तुम्हा सगळ्यांना लय शिव्या घातल्या. त्या परत घेतो."

इतक्या तडकाफडकी चूक कबूल करणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. मला तात्या फार आवडले. रंगावर वेल्डिंग धरत नाही, म्हणून तेवढ्या जागेचा रंग त्यांनीच खरवडून दिला. नवी पत्ती लावली. मीटर शांत झालं.

बसवायला मी सोबत गेलो. पोरं-सुना झेंडू विकायला मार्केटला गेलेल्या, घरी काकू एकट्याच. शाफ्टच्या टोकाची खूण आणि मागच्या अ‍ॅक्सलवरची खूण समोरासमोर यायला हवी, नाहीतर बॅलन्स पुन्हा बिघडू शकतो. खुणेत रंग भरला होता. काकूंनी सुई आणून दिली आणि तात्यांनी तो उकरून काढला. मला त्यांनी गाडीखाली जाऊ दिलं नाही.

"सणाचा शर्ट हाय. वरून सांगा."

ट्रायलला मी शेजारी बसलो. साठ झाले, सत्तर झाले. आरशात मागचा रस्ता स्थिर दिसत होता.

संध्याकाळी काकू बसल्या. "हादरा बसला तर तिथंच उतरून चालत येईन," असं बजावूनच निघाल्या. मी ओट्यावर वाट बघत बसलो. परत आल्या त्या गाडीतूनच. माझ्या हातावर सोनं ठेवलं.

"काकू, हादरली का गाडी?"

"गाडी कुठली! मला काही होईल म्हणून हेच सगळा रस्ता थरथरत व्हते."

तात्या डोळे पुसून बॉनेटवरची धूळ झटकत राहिले.

तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक शाफ्टवर पत्तीशेजारी मी पिवळ्या रंगात लिहून घेतो: 'मुद्दाम लावली आहे. काढू नये.' निष्काळजी माणसांसाठी आमच्याकडे सूचनांच्या पाट्या पुष्कळ होत्या. जीव लावणाऱ्यांसाठी ही पहिलीच.