दॅटच्या पुढचं वाक्य

मावशी पहिल्या दिवशी वर्गात आल्या त्या थेट शेवटच्या बाकाकडे गेल्या. मी म्हटलं, "पुढे या ना, जागा आहे." तर म्हणाल्या, "नको बाई. माझ्या हाताला वास येतो. लिंबू चोळलं तरी जात नाही."

मी तेव्हा दुपारी चार ते साडेपाच मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत असे. वर्ग लहान मुलांच्या शाळेतला. बाकं इतकी बुटकी की सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसत. एक ड्रायव्हर, एक शिंपी, दुकानात काम करणाऱ्या दोघी बहिणी आणि या मावशी. त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं काम करत होत्या. वॉर्डांतून चादरी, अभ्रे, गाऊन पिशव्या भरभरून येत. पिशवी उलटी करायची, ढीग निवडायचा, मग मशीनला द्यायचा. हे निवडायचं काम मावशींचं आणि त्यांच्या धाकट्या जावेचं.

"निवडायचं म्हणजे काय?" शिंप्याने एकदा सहज विचारलं.

"म्हणजे चादरीत जे येतं ते बाहेर काढायचं. रक्ताने कडक झालेला कापूस. ओकारी. उष्टं, तेही तीन दिवसांचं. एकदा कवळी आली होती. ती तेवढी लोक परत मागायला आले, बाकीचं कुणी परत नेत नाही."

शिंपी बिस्किट खात होता. त्याने ते उरलेलं बिस्किट गुपचूप खिशात ठेवलं.

त्या आठवड्यात आमचा धडा होता राग कसा व्यक्त करावा याचा. पुस्तकातला राग फार सभ्य होता. बस उशिरा आली, सूप गार निघालं, शेजारी रेडिओ मोठ्याने लावतो. चिडण्यासाठी एक शब्द, संतापण्यासाठी दुसरा, वैतागलात तर 'फेड अप'. मावशींनी सगळे शब्द देवनागरीत लिहून घेतले आणि विचारलं, "बाई, रागही येतो आणि किळसही येते, दोन्ही एकदम. त्याला काय म्हणायचं?"

"डिसगस्टेड."

त्यांनी तो शब्द तीनदा पुटपुटला. "बरोबर आहे. म्हणतानाच तोंड वाकडं होतं."

पुढे मी नामवाक्य घेतलं. फळ्यावर लिहिलं, 'मला रेडिओचा राग येतो.' मग सांगितलं, रेडिओ या एका शब्दाच्या जागी अख्खं वाक्य बसवता येतं: मला राग याचा येतो, की शेजारी रेडिओ मोठ्याने लावतो. मराठीत आपण 'की' म्हणतो, इंग्रजीत 'दॅट'. शी सेज दॅट... ती म्हणते की... त्याच्या पुढे जे येतं, ते तिचं म्हणणं.

"म्हणजे दॅटच्या पुढे माझं म्हणणं पाहिजे," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाही."

"अर्थात."

त्या हे इतक्या नेटाने का शिकत होत्या, ते मला नंतर कळलं. तीन महिन्यांपासून चादरींत वापरलेल्या सुया येत होत्या. कुठल्याशा वॉर्डात सुई टोचून झाली की तशीच अंथरुणात टाकत, आणि ती गुंडाळली जाऊन खाली येई. दर सोमवारी मावशी लाँड्रीच्या मुकादमाला सांगत. मुकादम वर अधीक्षक मॅडमकडे जाई. मॅडम बाहेरून आलेल्या, त्यांना फक्त इंग्रजी येई, आणि लाँड्रीत इंग्रजी येणारा हा एकटाच. खाली येऊन तो म्हणे, "सांगितलं. बघते म्हणाल्या." नाकाला अत्तराचा रुमाल लावूनच तो ढिगाजवळ यायचा.

मग एका मंगळवारी धाकट्या जावेच्या अंगठ्यात सुई गेली. हातमोजा होता, पण कांद्याच्या सालीसारखा. सुई कुणाची, रक्त कुणाचं, काही पत्ता नाही. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला दिवसभर मळमळायचं. सहा महिन्यांत तीनदा रक्त तपासायचं होतं. तिने घरात आपलं ताट वेगळं केलं. अडीच वर्षांची मुलगी आई आई करत यायची, तर ही हात मागे घ्यायची. डॉक्टरांनी समजावलं, जवळ घेतल्याने काही होत नाही. पण तिच्या मनातून जाईना.

"बाई, पोर दाराशी उभी राहून आईकडे बघते हो," हे सांगताना मावशींचा आवाज नेहमीसारखाच होता. दात मात्र आवळलेले होते.

पुढच्या सोमवारी त्या मुकादमाबरोबर वर गेल्या. तो नको नको म्हणत होता, पण त्या मागून जिना चढतच राहिल्या. मॅडमची खोली गार, टेबलावर फुलं. मुकादम म्हणाला, "तुम्ही बोला मावशी, मी इंग्रजीत सांगतो."

मावशी पाच मिनिटं बोलल्या. सुया, अंगठा, मोजे, सगळं. मुकादमाने मान डोलावली आणि हसऱ्या तोंडाने म्हणाला, "शी सेज दॅट द विमेन आर केअरलेस. शी सेज दॅट दे डोन्ट वेअर ग्लव्ज."

केअरलेस हा शब्द आम्ही ड्रायव्हरच्या धड्यात केला होता. निष्काळजी. म्हणजे बायकाच निष्काळजी, त्याच मोजे घालत नाहीत. दॅटच्या पुढे मुकादमाने स्वतःचं म्हणणं बसवलं होतं आणि त्यावर मावशींची सही ठोकली होती. किती सोमवार असंच चाललं असेल, हे त्यांच्या लक्षात आलं. बावीस वर्षांत कुठली चादर उघडताना त्या मागे सरल्या नव्हत्या, त्या मुकादमापासून बाजूला सरकल्या.

"नो," त्या म्हणाल्या. "दॅट इज नॉट व्हॉट आय सेड."

मी तसं म्हटलेलं नाही. एवढं बोलून पुढचं सगळं डोक्यातून गेलं. मॅडम बघत राहिल्या. मुकादम घाईने म्हणाला, "मावशी, राहू द्या, मी..." त्याच्या रुमालाचा वास आला आणि मावशींना शब्द सापडले.

"व्हॉट आय सेड इज दॅट निडल्स कम इन द शीट्स. आय टोल्ड हिम. एव्हरी मंडे." मी म्हटलं ते हे, की चादरींत सुया येतात, आणि याला दर सोमवारी सांगितलंय. मग एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "आय अ‍ॅम नॉट डिसगस्टेड बाय ब्लड. व्हॉट डिसगस्ट्स मी इज दॅट ही न्यू."

रक्ताची मला किळस नाही. किळस याची, की याला ठाऊक होतं.

मॅडमनी मुकादमाकडे पाहिलं. तो म्हणाला, भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं. मॅडम उठल्या आणि खाली लाँड्रीत आल्या. मावशींनी त्यांच्या समोर एक पिशवी उलटी केली. वास आला तशा मॅडम दोन पावलं मागे सरल्या, तोंडावर हात धरला. मावशींनी घाई केली नाही. एकेक चादर झटकली. चौथ्या चादरीतून सुई फरशीवर पडली. सातवीतून दुसरी.

महिन्याभरात प्रत्येक वॉर्डात सुया टाकायचे जाड डबे आले, पिशव्यांवर वॉर्डांची नावं लागली, मोजे जाड मिळाले. सुया बंद झाल्या. खोटं सांगण्याचं मुकादमाने कारण दिलं ते असं, की आपल्या लाँड्रीची कधी तक्रार नसते, हे नाव त्याला राखायचं होतं. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तिथेही खुर्ची होतीच, आणि वास नव्हता. म्हणजे वाईट काय झालं त्याचं?

जाताना तो मावशींना म्हणाला, "घरातली गोष्ट बाहेर नेलीत मावशी. आपण एका घरातले."

"तुमच्या घरात सुया अंथरुणात घेऊन झोपतात का?" मावशी म्हणाल्या. हे मराठीतच.

जावेचे तिन्ही रिपोर्ट चांगले आले. शेवटचा आला त्या दिवशी तिने मुलीला कडेवर घेतलं ते जेवायलाही खाली ठेवीना. ती आता इस्त्रीच्या बाजूला काम करते. मावशी निवडायलाच आहेत.

मी त्यांना विचारलं, "राग गेला का?"

"राग गेला. किळस नाही जात बाई. परवा साबण आणायला स्टोअरमध्ये गेले. हा कुणालातरी हसून हसून काही सांगत होता. मी तशीच परत फिरले. साबण जावेला आणायला सांगितला, तर ती म्हणाली, मीही नाही जाणार."

"मग?"

"मग काय, मॅडमच्या कानावर गेलं. त्या दिवशी साबण त्यांनीच खाली पाठवला."