मुशीतली कणी

तांदळात कणी दिसली की माझ्या मामांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी देवघरात चप्पल घालून आलं. अर्धं आयुष्य त्यांनी गोंदियाच्या बाजारात तांदळाच्या दलालीत घालवलं होतं. गिऱ्हाइकासमोर मूठभर तांदूळ तळहातावर पसरायचे आणि म्हणायचे, "एक तुटका दाणा दाखव, अख्खं पोतं फुकट घेऊन जा!" कुणाला तो कधी सापडला नाही. मी त्यांच्याकडेच राहायला होते आणि मला मामा फार आवडत. माझं बालपण वडिलांनी घरी आणलेल्या स्वदेशीच्या पत्रकांवर पोसलं गेलं होतं. भेसळ, लबाडी आणि परदेशी माल या तिघांशी माझं जन्माचं वैर होतं, त्यांतल्या दोघांशी मामांचं होतं. मामी मात्र म्हणायच्या, "एका घरात दोन सत्यवादी. मंग सयपाक कवा होईल वो?"

मामांनी दलाली सोडली आणि स्टेशनापलीकडे काचेचा छोटा कारखाना काढला, तेव्हा बाजार हसला. कंदिलाच्या चिमण्या करायच्या, एवढाच बेत होता. काच फुंकणारे कारागीर फिरोजाबादकडून आले. त्यांचा उस्ताद पानाने लाल झालेल्या तोंडाचा, बोलायला फटकळ. काच ज्या भांड्यात वितळते त्याला मूस म्हणतात. ती भट्टीच्या पोटात सतत जळत राहते, म्हणून ती साध्या मातीची चालत नाही. आमच्या मुशी बाहेरून, जहाजाने येत. मग लढाई सुरू झाली आणि त्या यायच्या बंद झाल्या.

मी खूश झाले. कारखान्याच्या अंगणात उभी राहून म्हणाले, "बरं झालं! आता आपली मूस आपण करू. या मातीत काय नाही?"

उस्तादांनी पानाची पिंक टाकली. "बिटिया, खुशी बाद में मना लेना. तब तक काँच क्या तुम्हारी हथेली पे पिघलाऊँ?"

भट्टीत दोनच मुशी उरल्या होत्या आणि त्यांतली एक गळायला लागली होती. दुसरी गेली की भट्टी विझणार. विझलेल्या भट्टीपाशी बसून राहायला कारागीर आले नव्हते. उस्तादांनी मामांना तोंडावर सांगितलं, "सेठ, भट्टी ठंडी हुई तो हम अगली गाड़ी से घर." आणि ते गेले की मामांना पुन्हा बाजारात, हसणाऱ्यांच्याच ओळीत, तराजूपाशी जाऊन बसावं लागणार होतं.  मामा बाजाराच्या रस्त्याने जायचं टाळून लांबच्या वळणाने घरी येऊ लागले.

पहिली मूस आम्ही तलावाकाठच्या पांढऱ्या मातीची केली. ती आगीत उकडलेल्या रताळ्यासारखी बसली. मग दक्षिणेकडच्या टेकड्यांतून निळसर दगड आणवला. तो आगीला दाद देत नाही, असं सगळेच सांगत. तो कुटून मातीत मिसळला. ती मूस तापवताना फुटली आणि असा आवाज झाला की दरेकश्याहून लाकूड घेऊन आलेले बैल गाडीसकट पळाले.

"हे तुही स्वदेशी," मामी म्हणाल्या. "आवाजात तं कमी नाई."

आता माझी पाळी होती. देशी उद्योगांवरचं एक पातळ चोपडं माझ्या पेटीत होतं. त्यात लिहिलं होतं की हा दगड कच्चा वापरू नये; आगीत तो फुगतो. आधी तो भट्टीच्या सर्वांत तापलेल्या कोपऱ्यात पुरता भाजावा, म्हणजे त्याची जातच बदलते आणि पुढे कितीही आग लागली तरी तो हलत नाही. त्या बदललेल्या दगडाला शास्त्रात मुलाइट म्हणतात, असंही त्यात होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मामा उठून उभे राहिले. "म्हंजे उसना तांदूळच न! आंदी उकडून घेतला का मंग दाणा तुटत नाई."

गोंदियातल्या माणसाला जग समजावायचं तर ते धानातून समजावावं लागतं. त्या दिवसापासून आमच्याकडे दगडाची निवड सुरू झाली. भाजून आलेला प्रत्येक खडा मी हातोड्याने फोडायची. आतून पांढरा निघाला तर पक्का. आत निळी झाक राहिली असेल तर कच्चा, पुन्हा आगीत. पक्क्या खड्याचा आवाजही वेगळा, भांडं वाजवल्यासारखा. माझी बोटं सोलून निघाली, पण कच्च्याला मी एकदाही दया दाखवली नाही. शेजारच्या बाया कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "काऊन वो, लेकीले खडी फोडाले बसवली काय?" मामी सांगायच्या, "इंग्रजाचं राज फोडून राहिली ते."

निवडलेला दगड कुटला गेला आणि मामांनी सूप हातात घेतलं. तांदूळ पाखडतात तसा त्यांनी तो पाखडला, तीन चाळण्यांतून काढला. जाड खडे बाजूला, बारीक चुरा अंगणाच्या कोपऱ्यात. मधले, ज्वारीएवढे, सगळे एका मापाचे दाणे तेवढे ठेवले. चोपड्यात फक्त 'कुटून घ्यावा' एवढंच होतं. किती बारीक, ते लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यावर सोडलं होतं.

"पाहून घे पोरी," मामा तळहात पुढे करून म्हणाले. "एक कणी दाखव."

मला तर त्यात तत्त्वच दिसलं. "सगळे सारखे," मी म्हणाले. "लहान-मोठा भेद नाही. मामा, ही खरी समता!"

उस्तादही वाकून बघून गेले. "वाह सेठ, मोती हैं मोती."

थोडी पांढरी माती घालून गावातल्या कुंभारांनी त्या मोत्यांची मूस थापली. सावलीत ती हळूहळू वाळली आणि भाजून भट्टीत गेलीही. या वेळी ना ती फुटली, ना बसली. मामांनी मामींना शिरा करायला सांगितलं. शिरा ताटात पडला आणि उस्तादांचा माणूस बोलवायला आला. मूस गळत नव्हती, पाझरत होती. सगळ्या अंगाने, घाम फुटावा तशी काच बाहेर येत होती. ती काढावी लागली. गार झाल्यावर मामांनी तिचा तुकडा बोटाने चोळला, तर कडेचे दाणे सुटून खाली पडले. एकेक दाणा अगदी अख्खा, निर्दोष.

भट्टीत आता एकच जुनी मूस होती आणि तिच्याही कडेला बारीक चीर दिसत होती. कारागिरांनी सामान बांधायला घेतलं. मामा ओट्यावर तो तुकडा मांडीवर घेऊन बसले.

"दगडात खोट नाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "निवडण्यात खोट नाई. मंग कायले पाझरून राहिली?"

मी चोपडं तिसऱ्यांदा उलटवत होते. मामी तुकडा उजेडात धरून म्हणाल्या, "जाळीच हाये न हे. दाण्यादाण्यात भोकं."

"त्यात माती होती," मी म्हणाले.

"माती आकसली आगीत. मंग भोकं रिकामी." त्या मामांकडे वळल्या. "काहो, तुमच्या समोरचा तो दुकानदार, ज्याच्या नावानं तुमी रोज बोटं मोडत होते, तो पायली कसा भरत होता?"

मामांची मान वर झाली. त्या दुकानदाराची लबाडी साऱ्या बाजाराला ठाऊक होती. तो अख्ख्या तांदळात कणी मिसळायचा. कणी दाण्यांच्या मधल्या जागेत बसते, पायली भरगच्च होते आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल जड आहे. मामांनी या एका गोष्टीवरून त्याच्याशी कायमचं बोलणं टाकलं होतं.

"ते भेसळ हाये," मामा म्हणाले.

"भेसळच!" मी म्हणाले. मी त्याविरुद्ध पत्रकं वाटली होती.

"हो न," मामी म्हणाल्या. "तुमी दोघंबी सत्यवादी राहा. उस्ताद चालले टेसनावर."

 मामा उठून पायली घेऊन आले. तिच्यात ते एकसारखे दाणे शिगोशीग भरले आणि वरून पाणी ओतलं. पाणी जातच राहिलं. पायली रिकामी करून पुन्हा भरली, या वेळी जाड खडे, मधले दाणे आणि कोपऱ्यात टाकलेला चुरा असं मिसळून, हलवून, दाबून. खरं सांगायचं तर ती ज्या सफाईने भरली गेली, त्यावरून मला पहिल्यांदाच शंका आली की मामांनी समोरच्या दुकानाकडे फार बारकाईने पाहिलं असावं. या वेळी पाणी थोडंसंच गेलं आणि वर येऊन उभं राहिलं.

"समतेचं काय, बाई?" मामी मला म्हणाल्या.

"लहानांनाही जागा मिळाली," मी म्हणाले. "ही जास्त खरी समता."

"पत्रक पलटी मारते हो तुहं, लवकर."

मामांनी उस्तादांना हात जोडून सांगितलं, जुनी मूस टिकेल तेवढं थांबा. उस्ताद म्हणाले, "उतना ही. एक दिन ऊपर नहीं." मग कोपऱ्यातला चुरा गोळा झाला. मिसळायच्या वेळी मामांनी कारखान्याचं फाटक लावून घेतलं आणि मला बाहेर उभं केलं. "बाजारचं कोनी आलं तं सांग मामा घरी नाई." आयुष्यभर खरं बोलणाऱ्या मी त्या दिवशी दोन दलालांना खोटं सांगून परत पाठवलं. मूस स्वदेशी होती, म्हणून मनाला फारसं लागलं नाही.

ती मूस दिसायला ओबडधोबड झाली. जाड खडे वर डोकावत होते आणि उस्तादांना ती मुळीच आवडली नाही. "इसे तो चेचक निकली है," म्हणजे देवी आल्यात, असं ते म्हणाले. ती वाळत असताना जुन्या मुशीची चीर रोज थोडी पुढे सरकायची. मामा सकाळी आधी ती बघत आणि मगच चहा घेत. चीर तळाशी पोहोचायच्या बेतात असताना नवी मूस आत गेली. त्या दिवशी कुणी शिऱ्याचं नाव काढलं नाही. वाळू आणि सज्जीखार वितळला, काच तळाला धरून उभी राहिली, आणि मुशीचं अंग दुसऱ्या दिवशीही कोरडंच होतं.

उस्तादांनी नळी बुडवली, गोळा उचलला, फुंकला. चिमणी उजेडाला धरून उलटसुलट पाहिली. तिच्यात खोट सापडली नाही, याचं त्यांना दुःखच झालेलं दिसलं. मग नळी दुसऱ्याच्या हातात देऊन ते ओट्यापाशी आले आणि मामांना टाळून थेट मामींना विचारलं, "भाभी, इधर कोई कमरा मिलेगा किराये पे? घरवाली को बुलाना है."

मामी मला म्हणाल्या, "पाह्यलं? कारखाना मामाचा, अन् खोली मी शोधू." आणि पदर खोचून शोधायला निघाल्याही.