भटू नानांचा समोरचा दात

भटू नाना दवाखान्यात आले की तोंडाआधी पेटी उघडायचे. खुर्चीत बसल्या बसल्या मांडीवर क्लॅरोनेट जोडायचे, फुंकायच्या टोकाची वेताची पत्ती जिभेने ओली करायचे आणि बाहेर चार पेशंट ताटकळत असताना खुशाल फुंकायचे! पहिल्यांदा मी इतकी दचकले की हातातला ट्रेच पडला. मी मूळची जळगावची, दोंडाईच्यात दवाखाना टाकून जेमतेम दोन वर्षं झालेली. दात दाखवायला आलेला माणूस आधी वाजवून दाखवतो, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

नाना गावातल्या बँड पार्टीचे मास्तर. वय पासष्टीपुढचं, मिशा काळ्याभोर (रंगाचे डाग कानापर्यंत), चाल विशीतली. वरचा समोरचा दात क्लॅरोनेटवर टेकवून ते सूर धरायचे, आणि नेमक्या त्याच दाताला फार वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवलेली. "बठ्ठा बँड ह्या एक दातवर उभा शे, आयका त खरं!" सगळा बँड एका दातावर उभा, असं ते अहिराणीत सांगायचे. हे 'आयका त खरं' चहाच्या टपरीवरही चाले आणि वरातीतल्या घोडीवाल्यापुढेही.

लग्नसराई तोंडावर आली होती. त्या दिवशी त्यांनी एक लांब सूर धरला, तो हलायला लागला आणि त्यांनी मध्येच सोडला. चेहरा उतरलेला.

"डॉक्टरबाई, सूर हाली ऱ्हायना. कॅपखाले काहीतरी व्हयेल शे."

मी तपासलं. दुखतं का? नाही. गार-गरम लागतं का? नाही. कॅप घट्ट होती, एक्स-रेत वावगं काही दिसेना. मी ठासून सांगितलं, "नाना, कॅप उत्तम आहे. उगाच काढताना आतला दात मोडला, तर तुमचं वाजवणंच बंद होईल."

"आनि काढी नही, आनि वरातमा मोडना, मंग?"

भर वरातीत दात मोडेल, या भीतीला मी हसले. हसायला नको होतं, हे मला पाचच मिनिटांत कळलं.

नाना खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत! शेवटी त्यांची समजूत काढायची म्हणून मी दातांत फिरवायचा दोरा घेतला आणि कॅपच्या कडेने सरकवला. मागच्या बाजूला तो अडकला. ओढून काढला, तर पार पिंजलेला, आणि त्याला असा वास की मी मास्क वर ओढला. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. रूट कॅनाल केलेल्या दातात नसच नसते, तो दुखणार कुठून? आणि आतून धातूची असलेली कॅप एक्स-रेत खालचं सगळं झाकून टाकते. मला जे दिसलं नव्हतं, ते या माणसाने फुंकून ओळखलं होतं!

कॅप कापून काढली. मागच्या बाजूने दात मऊ, तपकिरी झालेला. पण पुढचा भाग अजून भक्कम होता. आणखी एक लग्नसराई ढकलली असती, तर दात हिरडीपाशी मोडला असता. तेव्हापासून जुनी कॅप किंवा दातात जुनी चांदी असलेला पेशंट आला, की 'दुखतं का?' एवढ्यावर मी थांबत नाही. 'पूर्वीपेक्षा काय वेगळं वाटतं?' हे विचारते. कोणी सांगतं, भाकरी तिथेच अडकते. कोणी सांगतं, जिभेला धार लागते. नाना आता मुलाकडे सुरतेला असतात, पण हा प्रश्न त्यांचाच.

नवी कॅप धुळ्याच्या लॅबमधून आली, पहिली वरात दोन दिवसांवर असताना. चिकटवण्याआधी नुसती बसवून बघितली. नानांनी फुंकलं. "लांब शे." मी केसभर घासली. "आते जाड लागस." पुन्हा घासली. बाहेरचे पेशंट कुरकुर सोडून दारात गोळा झालेले. तिसऱ्यांदा त्यांनी फुंकलं, आणि गाल सुजलेल्या एका बाईने टाळी वाजवली! "व्हयनं! हाईच!" नाना ओरडले.

आता कायमची बसवायची, आणि माझीच बोटं थरथरू लागली. केसभर तिरकी बसली तर? नानांनी माझं मनगट धरलं. "तुमना हात कापी ऱ्हायनात. पहिले दम ल्या." मी खोल श्वास घेतला आणि कॅप बसवली.

वरातीच्या संध्याकाळी मी दवाखाना लवकर बंद केला आणि स्टेशन रोडवर गर्दीत घुसले. नवरदेवाकडे माझं लक्षच नव्हतं. मी बघत होते एक दात. चौकात ढोल-ताशे थांबले, नानांनी डोळे मिटले आणि एकच उंच सूर उचलला. सूर लांबत गेला, लांबत गेला. मी छातीत श्वास कोंडून उभी. अखेर मलाच दम धरवेना, श्वास सोडला. नाना अजून तोच सूर धरून होते.