डिस्प्ले येत नाही

मशीन खोलून परत जोडली की एखादा स्क्रू उरतोच. मशीन चालते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि तो स्क्रू आपण मुकाट्यानं खिशात टाकतो. बोईसर स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात अशा उरलेल्या स्क्रूंचा एक डबा होता. किश्श्यांचंही तसंच झालं. मुद्दाम कुणी जमवले नाहीत, नुसते साचत गेले. दुकान बंद करताना डबा मी भंगारात दिला. किस्से कोण घेणार?

दुकानात आम्ही दोघंच. मी कऱ्हाडकडचा, एमआयडीसीतली नोकरी सुटल्यावर हातात स्क्रूड्रायव्हर धरलेला. आणि दामू जवळच्याच दांडी गावचा, सगळं घर मासेमारीत, हा एकटाच विजेच्या नादाला लागलेला. टीव्ही, मिक्सर, स्टॅबिलायझर यांवर आमचं बरं चाललं होतं. नव्वद साल उलटल्यावर आमच्या भागात पाच-सहा घरांत ट्रेडमिल आल्या. त्या बिघडल्या की मुंबईचा मेकॅनिक इकडं यायला तयार नसे. मग राहिलो आम्हीच! आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असायची, "डिस्प्ले येत नाही."

लोक त्या मशीनला हसायचे. घरात बसून चालायचं म्हणजे काय, असं म्हणायचे. मी हसणं लवकरच सोडलं. ज्या घरात ती मशीन यायची त्या घरात कुणीतरी घाबरलेलं असायचं.

*

पहिली ट्रेडमिल पालघरच्या एका कापडवाल्या शेठजींची. पुतण्यानं अमेरिकेहून बोटीनं धाडलेली. शेठजींचं वजन बेसुमार, साखर वाढलेली, पायाची जखम भरत नव्हती. मशीन आली, नारळ फुटला, शेठजींनी स्वतःच्या हातानं पिन लावली, आणि फट्! डिस्प्लेमधून धूर.

दामूनं मागची पट्टी वाचली. मशीन एकशेदहा व्होल्टची, आपल्याकडं दोनशेतीस. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायचा असतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

शेठजींना ते काही पटेना. म्हणाले, "तसं नाही हो. तारापूरचं वीज केंद्र इथून किती जवळ! आपल्याकडं वीज एकदम ताजी येते, म्हणून धक्का जास्त बसला!"

बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. नवं पॅनल मिळवायला दोन महिने गेले. ते घेऊन गेलो तेव्हा शेठजी पलंगावर होते आणि चादरीखाली एकच पाय होता.

"बसवून जा," ते म्हणाले. "आणलंय ना."

आम्ही बसवलं. डिस्प्ले झकास आला.

*

त्यानंतर दामूनं कामाचा एक क्रमच ठरवून टाकला. आधी भिंतीवरचं बटण, मग पिन, मग फ्यूज, मग मशीनची किल्ली, मग वायर. बोर्डाला हात सगळ्यात शेवटी. "घाई करायची नाय भाऊ," मला बजावायचा. "मशीन कुटं पळून जात नाय."

बोईसरमधल्याच एका बँकेतल्या साहेबांकडं गेलो. साहेब दारातच सुरू झाले, "हिनंच पुसताना पाणी घातलं असणार! शंभरदा सांगितलं, हात लावू नकोस. अक्कल म्हणून नाही!" बाई चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभ्या. ट्रेमधल्या बशा वाजत होत्या.

दामू खाली वाकला. ट्रेडमिलची पिन काढून तिथं इस्त्रीची पिन लावलेली! बस, एवढाच बिघाड. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दामूनं पाठ आडवी केली, पिन बदलली, मशीनचं झाकण उगाच खोललं, आणि खिशातून एक जुना जळका फ्यूज काढून साहेबांच्या हातावर ठेवला.

"फ्यूज गेला होता साहेब. लायनीचा दोष हाय. पुसण्याचा यात काय समंद नाय."

बाईंनी तो चहा आत नेला आणि आल्याचा दुसरा करून आणला. तो जळका फ्यूज पुढं कायम दामूच्या वरच्या खिशात असायचा.

*

किल्लीचं सांगायचं राहिलं. ट्रेडमिलला एक लाल किल्ली असते, बोटभर, दोरी लावलेली. तिच्यात मॅग्नेट असतं. ती डिस्प्लेखालच्या खाचेत बसवायची आणि दोरीचा चिमटा आपल्या सदऱ्याला लावायचा. माणूस पडला की किल्ली निघते आणि मशीन थांबते. किल्ली नसली तर मशीन मेल्यासारखी. डिस्प्लेवर साधा ठिपकासुद्धा येत नाही.

चिंचणीच्या एका रिटायर्ड हेडमास्तरांचा निरोप आला, दसऱ्यापासून डिस्प्ले बंद. जाऊन बघतो तर मशीनवर हळदी-कुंकवाची बोटं, पट्ट्यावर झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला शस्त्रांची पूजा, तशी यांनी ट्रेडमिलची केली होती. यथासांग! किल्ली काढून पाटावर ठेवली, तिच्यावर फूल वाहिलं.

"मग किल्ली कुठाय?" मी विचारलं.

मास्तर बायकोकडं बघायला लागले, बायको सुनेकडं. दुसऱ्या दिवशी सुनेनं फुलं गोळा करून निर्माल्य समुद्रात सोडलं होतं. किल्ली त्यातच गेली!

दामूनं एका फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट काढून खाचेवर चिकटवलं. डिस्प्ले लागला. मास्तरांनी आधी त्या मॅग्नेटला नमस्कार केला. तेव्हापासून एक मॅग्नेटही आमच्या पिशवीत असायचं.

*

आता बोरसे साहेब. खानदेशातले, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. दुकानात येऊन बसणारा आमचा दोस्त माणूस. त्यांच्या शिफ्टला एक कामगार वरच्या मजल्यावरच्या टाकीत उतरला आणि वाफेनं गुदमरला. जव्हारकडचा होता, भातकापणी आटोपली की कामाला यायचा. साहेब खालून धावले. पण अंगानं जड, दम लागला. ते वर पोचले तेव्हा उशीर झाला होता.

महिन्याभरात साहेबांना स्वतःलाच हार्ट अटॅक आला. डॉक्टरनं बजावलं, रोज चाला, पण वीस मिनिटं, आणि हळू. जास्त कराल तर जिवावर बेतेल. रस्त्यावर कारखान्याची माणसं भेटायची, म्हणून साहेबांनी घरी ट्रेडमिल घेतली.

आणि ते वीस मिनिटांवर थांबेनात. तास, दीड तास, तेही चढ लावून! एकदा पट्ट्यावरच पडले, हनुवटी फुटली. मी चांगलाच रागावलो, तर म्हणाले, "भाऊ, मी जिन्यात थांबलो होतो. श्वास घ्यायला. दोनदा."

माझा राग तिथंच विरला.

पुढच्याच आठवड्यात साहेबांचा फोन. "किल्ली सापडत नाही, डिस्प्ले येत नाही. तुमचं ते मॅग्नेट घेऊन या." आम्ही पोचलो. पाणी द्यायच्या निमित्तानं वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. उडदाच्या डाळीचा डबा उघडला, डाळीत मनगटापर्यंत हात घातला आणि लाल किल्ली वर काढून दाखवली. परत खाली दडपली.

"भाऊ, मशीन चालू करू नका," त्या हळूच म्हणाल्या. "हे चालून चालून मरायला निघालेत. मी एकटी किती धरून ठेवू?"

मी बाहेर येऊन दामूला डोळ्यानं खुणावलं. दामूनं मॅग्नेट खाचेपासून चार बोटं बाजूला धरलं. डिस्प्ले कसला येतोय! मग वरच्या खिशातून तो जळका फ्यूज निघाला. "साहेब, फ्यूज उडाला, त्यात बोर्ड पण गेला. मुंबईवरून मागवायला लागंल."

साहेबांनी फ्यूज हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "बरं," म्हणाले.

*

तो बोर्ड काही येईना. येणार कुठून, मागवलाच नव्हता! साहेब दर शनिवारी दुकानात यायचे. "बोर्ड आला?"

दामू म्हणायचा, "मुंबईत संप हाय." पुढच्या शनिवारी, "चुकीचा आला, परत धाडला." त्याच्या पुढच्या शनिवारी, "बोईसरला उतरवायचा तो डहाणूला उतरवला." मी मान खाली घालून सोल्डरिंग करत राहायचो. साहेब म्हणायचे, "असं होय!" आणि चहा पिऊन जायचे.

एका शनिवारी दामूच्या तोंडून परत संप निघाला. साहेब म्हणाले, "संप तुझा मागच्या महिन्यात झाला, दामू. आता काहीतरी नवीन सांग."

दामूचा चेहरा असा पडला! आम्हाला वाटलं, आता फुटलं सगळं. पण साहेबांनी चहा संपवला, चप्पल घातली आणि गेले.

तोवर ते रोज सकाळी वहिनींबरोबर कॉलनीच्या मागच्या रस्त्यानं चालायला लागले होते. वीस मिनिटं. वहिनींच्या हातात घड्याळ. वेळ झाली की त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या आणि साहेबांना वळावंच लागायचं. त्यांचा रंग सुधारला, दम लागणं कमी झालं. खोटं बोलून एवढं समाधान मला आयुष्यात कधी मिळालं नाही.

*

मध्येच दांडीचा एक किस्सा झाला. दामूच्या मावशीचा मुलगा बोटीवर नोकरीला. बापाचे पाय आखडले म्हणून त्यानं ट्रेडमिल धाडली होती. मावशीनं कळवलं, डिस्प्ले येत नाही.

दामूनं पॅनल खोललं. आत सगळं हिरवं आणि खारट, आणि वास असा की बस! अवकाळी पावसात मावशीनं ओले बोंबील घरात घेऊन मशीनच्या दांडीवर सुकत घातले होते. खारं पाणी टपटप डिस्प्लेमध्ये.

"पावसात कुटं सुकवू मग?" मावशी उलट आमच्यावरच भडकली. "दोरीवानी दांडी हाय ती!"

मी विचारलं, काका कुठायत? मावशी खाली बसली. काका जाऊन तीन महिने झाले होते. मुलगा भर समुद्रात, म्हणून त्याला कळवलं नव्हतं. आता तो येत होता.

"म्हाताऱ्यानं कदी पाय ठेवला नाय याच्यावर," ती म्हणाली. "म्हनायचा, होडीवर उबा ऱ्हानारा मानूस पट्ट्यावर कशाला चालंल? पोराला काय सांगू? त्यानं येवड्या मायेनं धाडली. दामू, तूच चाल रं जरा. पट्टा कोरा दिसतोय."

आम्ही ब्रशनं, स्पिरिटनं बोर्ड साफ केला. डिस्प्ले लागला. आणि दामू काकांच्या चपला पायात घालून त्या पट्ट्यावर अर्धा तास चालला. मावशी भिंतीला टेकून बघत बसली होती.

मुलगा आला, पट्ट्यावर हात फिरवून रडला म्हणे.

*

आणि मग वहिनी गेल्या. सगळे साहेबांच्या छातीला जपत होते, आणि वहिनींना तापाचं निमित्त झालं, मेंदूत गेला, चार दिवसांत संपलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी दुकानात फोन वाजला. साहेबांचा आवाज. "डिस्प्ले येत नाही. येऊन जा."

वाटेत दामूनं स्कूटर बाजूला घ्यायला लावली. "भाऊ, मॅग्नेट लावायचं का नाय?"

"लावलं तर हा माणूस आता थांबणार नाही," मी म्हणालो. घड्याळ घेऊन उभं राहणारं माणूसच उरलं नव्हतं.

"मग फ्यूज काढतो," दामू म्हणाला.

साहेब ट्रेडमिलशेजारी खुर्चीत बसले होते. मांडीवर उडदाच्या डाळीचा डबा. दामूचा हात वरच्या खिशाकडं गेला.

"राहू दे, दामू," साहेब म्हणाले. "तो फ्यूज ट्रेडमिलचा नाहीच, हे मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी डाळीत हात घातला आणि लाल किल्ली काढून पट्ट्यावर ठेवली. दोरीला डाळीचं पीठ लागलं होतं.

"पहिल्याच आठवड्यात सापडली. लावून पाहिली, डिस्प्ले लगेच आला. म्हटलं, म्हणजे तुम्हीही हिच्याच बाजूचे!" ते हसले, पण ते हसणं पुरं झालं नाही. "काढली आणि परत डाळीत ठेवली. ती रोज सकाळी उठल्याबरोबर डब्यात हात घालून बघायची. किल्ली हाताला लागली की मग चहाचं आधण ठेवायची. मी आतून पडल्या पडल्या ऐकायचो."

दामूनं खिशावरचा हात खाली घेतला.

साहेबांनी किल्ली उचलली, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुम्ही घेऊन जा, भाऊ."

"साहेब, घरातच असू द्या ना कुठंतरी," मी म्हणालो.

"घरात आता लपवणारं कोणी नाही."