अकरावा नियम माझ्या हातचा

माझं अक्षर चांगलं होतं, तेच मला भोवलं. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या वस्तीत बारावीपर्यंत शिकलेली मुलगी मी एकटीच. रेशनच्या अर्जापासून गावाकडच्या पत्रापर्यंत सगळे कागद माझ्यापुढे यायचे, आणि आबांचे नियमही. आबा म्हणजे माझे वडील. ते एका लूमखात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मेहताजी होते, हिशेब लिहायचे. गावाकडच्या बांधाच्या भांडणात तरुणपणी त्यांनी कोर्टाचे इतके हेलपाटे घातले होते, की घरात मीठ मागतानाही ‘सदरहू’ म्हणतील की काय असं वाटायचं. कागदावर आलं की भांडण मिटतं, अशी त्यांची श्रद्धा होती. मला मात्र त्यांच्या कागदांची लहानपणापासून धास्ती वाटायची.

त्या खात्याचा सगळा कारभार मुकादमाच्या हाती होता. वस्तीतल्या निम्म्या घरांना त्यानेच खानदेशातून आणून लूमवर उभं केलं होतं. सगळे त्याला आप्पा म्हणत, आणि तो बोलायला लागला की बायका नळावरच्या बादल्यासुद्धा हळू ठेवत. वस्तीत त्याची मर्जी म्हणजे कायदा होता. तो कायदा लिहून काढायचं काम आबांचं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, जातं धुऊन दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडी तुकडा गेला तर देवी कोपते, हे आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. आता मुकादमाचं दुखणं असं, की विहिरीच्या वादात त्याच्या सख्ख्या भावांनी त्याला रोटातून वगळलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला श्रावणात गावी जायला तोंड नव्हतं. त्याने आबांना विचारलं, सुरतेत सगळ्या वस्तीची मिळून एकच कानबाई बसवता येईल का?

आबांचे डोळे चमकले. पंधरा दिवसांत त्यांनी समिती केली, मुकादमाला अध्यक्ष केलं, स्वतः चिटणीस झाले आणि मला वही आणायला लावली. एक कानबाई, एक चक्की, एक पीठ, सगळ्यांचे रोट एकत्र. वस्तीची हद्द अमुक घरापासून नाल्यापर्यंत. माझा हात दुखेपर्यंत ते सांगत राहिले. खोटं कशाला बोलू, मला ते नियम आवडलेही होते. दहा बाय दहाच्या खोल्यांत वेगवेगळ्या देव्या बसवून माणसं चूल कुठे मांडणार होती?

विरोध केला तो भगताने. तोही लूमवरच कामाला होता, पण त्याच्या अंगात कानबाई यायची. तो आमच्या दारात येऊन म्हणाला, “रोट भाऊबंदसना ऱ्हातस. वस्ती काय भाऊबंद शे?”

त्या संध्याकाळी आबांनी अकरावा नियम सांगितला. जो सभासद समितीच्या ठरावाविरुद्ध जाईल, किंवा ज्याच्या वागण्याने वस्तीवर संकट येईल, त्याला समिती बहुमताने, त्याचं म्हणणं न ऐकता, वस्तीच्या हद्दीतून वगळेल.

“न ऐकता का?” मी विचारलं.

“ऐकायला बसलं की त्याच्या अंगात येईल. सगळे पाया पडतील. मग सही कोण करणार?”

अगदी व्यवहाराचं बोलणं होतं. मी लिहून टाकलं. आठवड्याभरात भगताला वगळायचा ठरावही माझ्याच हाताने लिहिला. सामान हातगाडीवर लादून तो जवळच्या भेस्तानला गेला, तेव्हा वस्तीतलं कुणी दाराबाहेर आलं नाही. जाताना तो माझ्यासमोर थांबला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिला. तेव्हापासून जेवताना मला माझी बोटं बघवेनात.

श्रावणात कानबाई थाटात बसली. मुकादमाने पहिला रोट मोडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि आबा त्याच्या शेजारी नव्या धोतरात ताठ बसले होते. मी माझ्या वाटणीचा तुकडा तोंडात घेतला आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. आईही हळूच पाणी प्यायली.

आणि महिन्याभरात शहरात प्लेग आला.

तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, रिकामी औषधांची दुकानं, उधना स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून आत ढकललेली पोरं. लूम बंद पडले. इतकी वर्षं चोवीस तास त्या खडखडाटात झोपलेले आम्ही, त्या शांततेत झोपू शकत नव्हतो. आमच्या वस्तीत एक जण गेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. तीन दिवस ताप आणि चौथ्या दिवशी संपला. तो प्लेगच होता की दुसरं काही, ते कुणालाच कळलं नाही. पण त्याच्या आईने माती देऊन परतताना आमच्या दारापुढे उभं राहून सांगितलं, “देवी कोपनी.”

आबा तिला समजवायला उठले. आईने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

मला भीती देवीची वाटत होती की माणसांची, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडचे भेस्तानचे, आणि सोयरीक मुकादमाच्याच शब्दावर जुळलेली. आबांना वाळीत टाकलं तर आमचं घरच वाळीत पडणार, आणि मग माझं लग्न कोण करणार? मी रोज मुकादमाच्या चेहऱ्याकडे बघायचे. तो आता आमच्या घरावरून जाताना मान वळवायचा.

गावी गेलेली माणसं परतली आणि मुकादमाने बैठक बोलावली. समितीतले सातही जण आमच्याच खोलीत आले, कारण वही आमच्याकडे होती. मुकादमाचा चेहरा उतरला होता. पहिला रोट त्याने मोडला होता, लोकांचं बोट उद्या त्याच्याकडे वळलं असतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त त्याचा राग आला होता.

“आप्पा, मला दोन शब्द बोलू द्या,” आबा म्हणाले.

मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला, “नियम तूच लिखेल शे, भाऊ.”

आबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुकादमाने घसा साफ केला आणि सांगितलं, की ठराव एकट्या आबांवर होईल. घरच्यांना धक्का नाही, पोरीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर होईल आणि कन्यादान तो स्वतः करेल.

“लिही,” आबा मला म्हणाले.

मी नाही म्हणायला हवं होतं. वही फेकायला हवी होती, रडायला हवं होतं, काहीतरी करायला हवं होतं. मी पेनाचं टोपण काढलं. समितीतल्या कुणालाच मजकूर जमेना, तेव्हा आबांनीच सांगायला सुरुवात केली. एके ठिकाणी थांबून म्हणाले, “‘फक्त त्याच्यापुरते’ असं घाल. नाहीतर पुढे अर्थ काढतील.” मी घातलं. शेवटी चिटणीस म्हणून त्यांनी सहीसुद्धा केली. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती.

आबा सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी गेले, एका कारखान्याच्या दारावर वॉचमन म्हणून. आठवड्यातून एकदा आई डबा घेऊन तिकडे जायची. मला ते म्हणाले होते, तू येऊ नकोस, लग्न होऊ दे.

तुळशीचं लग्न झाल्यावर माझं झालं. मांडव वस्तीतच होता. हळद लावून बसले तेव्हा बायका कुजबुजल्या, आणि मी मान वर केली. आबा नाल्यापलीकडे पंक्चरच्या दुकानाशी उभे होते, धुतलेल्या कपड्यांत. आमची हद्द नाल्यापर्यंत. त्यांनी ती पाळली होती.

सबंध लग्नात मला एकच धास्ती होती, की आबा नाला ओलांडतील. मुलाकडचे उठतील, मुकादम शब्द फिरवेल आणि सगळं मोडेल. मंगलाष्टका सुरू असताना मी देवीला विनवत होते, की माझ्या बापाला तिथेच थांबव. मुकादमाने माझा हात दुसऱ्याच्या हाती दिला. आई वरण-बट्टीचं ताट घेऊन नाल्यापलीकडे गेली, आणि ते ताट तसंच झाकलेलं परत आलं.

पाठवणीच्या टेम्पोला त्याच रस्त्याने जायचं होतं. पंक्चरचं दुकान जवळ आलं तसे आबा पुढे आले, तोंड उघडलं, आणि टेम्पोत मुलाकडची माणसं बसलेली पाहून दोन पावलं मागे सरले. ड्रायव्हरने विचारलं, थांबू का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवून नाही म्हणाले.